‘फ्युचरामा’चे पुनरागमन : वाद दर्जाचा की शेवटाचा?

एखादी दूरचित्रवाणी मालिका बंद पडली की तिचे चाहते हळहळतात आणि ती पुन्हा सुरू झाली की तेच चाहते आपसात भांडू लागतात. ‘फ्युचरामा’ या अमेरिकी अ‍ॅनिमेशन विनोदी मालिकेच्या बाबतीत हा अनुभव एकदा नव्हे, तीनदा आला आहे. २००३ मध्ये थांबलेली ही मालिका २००७ मध्ये डीव्हीडी चित्रपटांच्या रूपाने परतली, २०१० मध्ये दुसऱ्या वाहिनीवर आली, २०१३ मध्ये पुन्हा संपली आणि दहा वर्षांच्या खंडानंतर २४ जुलै २०२३ रोजी ‘हुलू’ या इंटरनेटवरील प्रसारण सेवेवर तिसऱ्यांदा अवतरली. तेव्हापासून सप्टेंबर २०२५ पर्यंत दहा-दहा भागांचे तीन हंगाम प्रदर्शित झाले. मात्र नव्या भागांत जुनी धार उरली आहे का, या प्रश्नावर चाहत्यांत एकमत होण्याची चिन्हे नाहीत.

वरवर पाहता हा वाद क्षुल्लक वाटेल. एका व्यंगचित्र मालिकेतील विनोद पूर्वीइतके हसवतात की नाही, याची चिंता जगाने का करावी, असेही कोणी विचारील. परंतु गेल्या काही वर्षांत जुन्या मालिका उकरून काढून नव्याने विकण्याची जी लाट आली आहे, तिच्या पार्श्वभूमीवर या वादाकडे पाहिले पाहिजे. गोष्ट संपवण्याचा अधिकार नेमका कोणाचा – लेखकाचा, मालकाचा की प्रेक्षकाचा – हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

विज्ञान, व्यंग आणि एकटेपणा

‘द सिम्पसन्स’चे जनक मॅट ग्रेनिंग यांनी डेव्हिड एक्स. कोहेन यांच्या साह्याने ‘फ्युचरामा’ उभी केली. तिचा पहिला भाग २८ मार्च १९९९ रोजी ‘फॉक्स’ वाहिनीवर दाखवण्यात आला. फ्राय हा न्यूयॉर्कमधील पिझ्झा पोहोचवणारा, आयुष्यात फारसे काही न जमलेला तरुण १९९९ सालच्या अखेरच्या रात्री अपघाताने अतिशीत कुपीत गोठतो आणि हजार वर्षांनी जागा होतो. तेथे त्याला एकाक्ष नायिका लीला, मद्यपी व चोरटा यंत्रमानव बेंडर आणि आपलाच दूरचा वंशज असलेला वृद्ध प्राध्यापक फार्न्सवर्थ भेटतात. नव्या जगातही त्याच्या वाट्याला जुनेच काम येते. फरक इतकाच, की आता माल अंतराळयानातून पोहोचवायचा असतो.

नायिकेचे पूर्ण नाव ‘तुरंगा लीला’ असे आहे. फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियां यांच्या ‘तुरंगलीला’ या वाद्यवृंदरचनेवरून ते घेतलेले असून, त्या रचनेचे नाव मुळात तुरंग आणि लीला या दोन संस्कृत शब्दांतून आले आहे. मराठी वाचकाला हे नाव ऐकताच ओळखीचे वाटावे ते यामुळेच. असे संदर्भ सहज पेरणे हा या मालिकेचा स्वभाव होता. तिच्या लेखकवर्गाचे शिक्षणही विनोदी लेखकांच्या प्रचलित प्रतिमेत न बसणारे होते. कोहेन यांनी भौतिकशास्त्र व संगणकशास्त्राच्या पदव्या मिळवल्या होत्या, तर केन कीलर हे उपयोजित गणितात डॉक्टरेट मिळवलेले लेखक. यंत्राच्या साह्याने पात्रांची शरीरे आपसात बदलतात, अशा कथेसाठी कीलर यांनी एक गणिती प्रमेय प्रत्यक्ष सिद्ध केले. एकदा अदलाबदल केलेल्या दोन शरीरांवर ते यंत्र पुन्हा चालत नाही, अशी कथेतील अट होती. तरीही कितीही गोंधळ झाला असला, तरी केवळ दोन नव्या व्यक्तींच्या मदतीने प्रत्येकाला मूळ शरीरात परत आणता येते, असे ते प्रमेय सांगते. ‘द प्रिझनर ऑफ बेंडा’ हा तो भाग २०१० सालचा, म्हणजे पुनरुज्जीवनानंतरचा आहे. ही बाब पुढील चर्चेत महत्त्वाची ठरते.

बुद्धीला दिलेल्या या खाद्याच्या तळाशी एक करुण सूर होता. फ्रायने आपले कुटुंब, आपले शहर आणि आपले शतक कायमचे गमावले होते. ही जाणीव मालिका वारंवार करून देत नसे, पण जेव्हा देई तेव्हा तिचा घाव खोल बसे.

चार वेळा घेतलेला निरोप

‘फॉक्स’ने या मालिकेला कधी स्थिर वेळ लाभू दिली नाही. रविवारी संध्याकाळी अमेरिकी फुटबॉलचे सामने लांबले की तिचे भाग पुढे ढकलले जात. वाहिनीने मालिका बंद केल्याची रीतसर घोषणाही केली नाही. नवे भाग मागवणे तेवढे थांबवले. ७२ भागांनंतर १० ऑगस्ट २००३ रोजी तिचा पहिला निरोप झाला. लीलासाठी संगीतिका रचणारा फ्राय शेवटी आपली कला गमावतो, सभागृह रिकामे होते, परंतु लीला मात्र पुढे काय होते ते ऐकण्यासाठी थांबते, असा तो शेवट होता.

त्यानंतर जे घडले ते चाहत्यांनी घडवले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. ‘कार्टून नेटवर्क’च्या ‘अ‍ॅडल्ट स्विम’ या रात्रीच्या कार्यक्रम-पट्ट्यात होणारे पुनःप्रसारण आणि डीव्हीडी संचांची विक्री यांनी मालिका जिवंत ठेवली. याच मार्गाने ‘फॅमिली गाय’ ही बंद पडलेली मालिका मे २००५ मध्ये परत आली होती. निर्मात्यांना दिशा दिसली. २००७ ते २००९ या काळात ‘फ्युचरामा’चे चार चित्रपट थेट डीव्हीडीवर आले. ‘कॉमेडी सेंट्रल’ वाहिनीने त्यांचे १६ भाग करून दाखवले. चौथ्या चित्रपटाच्या अखेरीस सर्व पात्रे अज्ञात दिशेने एका विवरात यान झोकून देतात. हा दुसरा निरोप.

त्याच वाहिनीने पुढे नवे भाग मागवले आणि जून २०१० पासून ते दिसू लागले. पुढील हंगाम मिळेल याची शाश्वती नसल्याने लेखकांनी सप्टेंबर २०११ मधील ‘ओव्हरक्लॉकवाइज’ या भागातही निरोपाची तजवीज करून ठेवली होती. तो तिसरा. अखेर ४ सप्टेंबर २०१३ रोजी ‘मीनव्हाइल’ हा भाग प्रसारित झाला. काळ गोठलेल्या जगात फ्राय आणि लीला दोघेच म्हातारे होतात. प्राध्यापक त्यांना शोधून काढतात आणि सारे पूर्ववत करण्याची सोय सांगतात, मात्र त्यासाठी या आयुष्याच्या आठवणींवर पाणी सोडावे लागणार असते. दोघे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यास राजी होतात. १४० भागांचा हा शेवट दूरचित्रवाणीच्या इतिहासातील उत्तम शेवटांपैकी एक असल्याचे अनेक चाहते आजही मानतात.

चार निरोप घेऊन झालेली मालिका पाचव्यांदा दारात उभी राहते, तेव्हा प्रेक्षकाच्या मनात आनंदाबरोबर संशयही असणे साहजिक आहे. नव्या भागांविषयीच्या नाराजीत या संशयाचा वाटा किती आणि प्रत्यक्ष गुणवत्तेचा किती, हे वेगळे करणे म्हणूनच अवघड झाले आहे.

माणसे तीच, मग बदलले काय?

‘फ्युचरामा’ची गोष्ट इतर पुनरुज्जीवित मालिकांहून एका बाबतीत वेगळी आहे. बहुतेक ठिकाणी जुने नाव राहते आणि माणसे बदलतात. येथे ग्रेनिंग व कोहेन तेच, प्रमुख आवाज तेच आणि ‘रफ ड्राफ्ट’ हा अ‍ॅनिमेशन स्टुडिओही तोच. त्यामुळे परक्या हातांनी मालिका बिघडवली, हा सोपा आरोप करण्याची सोय उरत नाही.

तरीही काही बदल झाले आहेत आणि ते टीकाकारांनी अचूक हेरले आहेत. पहिला बदल काळाने केला. फ्राय, प्राध्यापक आणि झॉइडबर्ग या तिघांनाही आवाज देणारे बिली वेस्ट १९५२ सालचे. म्हणजे २०२३ मध्ये ते ७१ वर्षांचे होते. पंचविशीतला, खुळा, हुरळून जाणारा फ्राय सत्तरी ओलांडलेल्या कंठातून येतो, तेव्हा त्यात किंचित जडपणा जाणवतो. कसलेल्या कलावंताच्या मर्यादेचा हा प्रश्न नाही. चित्रातील पात्र म्हातारे होत नाही, आवाज मात्र होतो, एवढाच त्याचा अर्थ. गंमत अशी की, जन्मजात वृद्ध असलेल्या प्राध्यापकाच्या आवाजाबद्दल कोणाचीच तक्रार नाही.

दुसरा बदल संख्येचा आहे. जुन्या पद्धतीत एका हंगामात वीस किंवा अधिक भाग सामावू शकत. आता दहाच असतात. वीसपैकी चार भाग सामान्य निघाले तरी ते गर्दीत विरून जात; दहांपैकी चार सामान्य निघाले की हंगामच फसल्यासारखा वाटतो. शिवाय जुन्या भागांना वीस वर्षांच्या पुनःप्रसारणाची चाळण लागलेली आहे. प्रेक्षक आवडते भाग पुन्हा पाहतो आणि नावडते टाळतो. नव्या हंगामाची तुलना मग सरासरी जुन्या भागाशी न होता निवडक जुन्या भागांशी होऊ लागते. ही लढाई कोणत्याही लेखकाला जिंकता येणारी नाही.

याचा पुरावा याच मालिकेच्या इतिहासात आहे. २०१० सालचे भाग आले तेव्हाही पूर्वीचा दर्जा राहिला नाही, अशी ओरड झाली होती. त्याच हंगामात ‘द प्रिझनर ऑफ बेंडा’ आणि ‘द लेट फिलिप जे. फ्राय’ हे भाग होते. यातील दुसऱ्या भागाला २०११ मध्ये एमी पुरस्कार मिळाला आणि आज मालिकेच्या सर्वोत्तम भागांच्या कोणत्याही यादीत तो असतो. म्हणजे ज्या काळाला एकेकाळी घसरणीचा काळ म्हटले गेले, त्याच काळाचे दाखले देऊन आता नव्या भागांना नावे ठेवली जात आहेत.

बातमीमागे धावणारा विनोद

मग टीकेत तथ्य काहीच नाही काय? तसे म्हणता येणार नाही. नव्या भागांवरील सर्वांत गंभीर आक्षेप त्यांच्या विषयनिवडीवर आहे. २०२३ च्या हंगामात आभासी चलनाचे खाणकाम, महासाथ आणि लस, घरपोच माल देणारी महाकाय कंपनी, तसेच आक्षेपार्ह वर्तनाबद्दल बहिष्कृत होणारा पुरुष असे विषय एकामागून एक आले. २०२४ च्या हंगामात डिजिटल कलाकृतींच्या मालकी हक्काची चिन्हे, म्हणजे ‘एनएफटी’, आणि ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेचे विडंबन होते. हजार वर्षांनंतरचे जग दाखवणारी मालिका दोन वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र वाचते आहे की काय, असा प्रश्न प्रेक्षकाला पडला तर त्याला दोष देता येत नाही.

यामागे निर्मितीचे साधे गणित आहे. अ‍ॅनिमेशनचा भाग लिहिण्यापासून तो पडद्यावर येईपर्यंत बहुधा वर्षभराचा काळ जातो. लेखनाच्या वेळी ताजा असलेला विषय प्रसारणाच्या वेळी शिळा झालेला असतो. ‘एनएफटी’चा बाजार २०२१ मध्ये भरात होता, त्यावरचा भाग जुलै २०२४ मध्ये आला. तोवर तो बाजार कोसळून लोकांच्या विस्मृतीतही गेला होता.

मालिकेच्या समर्थकांचे यावर उत्तर असे, की वर्तमानावर टीका ही तर ‘फ्युचरामा’ची मूळ प्रकृतीच आहे. हे खरेच आहे. पहिल्याच हंगामांत काचेच्या बरणीत ठेवलेले रिचर्ड निक्सन यांचे डोके निवडणूक लढवत होते. मे २००१ मधील ‘आय डेटेड अ रोबॉट’ या भागात संगीताच्या फुकट देवाणघेवाणीवरून न्यायालयात खेचल्या गेलेल्या ‘नॅपस्टर’ कंपनीची टर उडवलेली होती. जुलै २०१० मध्ये मोबाइल फोन थेट डोळ्यात बसवणारा भाग आला, तेव्हा ‘आयफोन’ बाजारात येऊन तीन वर्षे झाली होती.

तथापि, दोन्ही प्रकारांत एक सूक्ष्म भेद आहे. ‘नॅपस्टर’वरचा भाग पाहताना ती कंपनी आठवली नाही तरी चालते. कारण फ्राय एका नटीची यांत्रिक प्रतिकृती मिळवून तिच्या प्रेमात बुडतो, ही एकट्या माणसाची गोष्ट तेथे आधी येते. नव्या भागांपैकी जे फसले, त्यांत बातमी आधी आली आणि गोष्ट नंतर चिकटवण्यात आली. विषय ताजा असणे हा दोष नव्हे. विषय काढून टाकल्यावर पात्रांकडे करण्यासारखे काही उरत नसेल, तर तो दोष ठरतो. उलट ‘ऑल द वे डाउन’ या सप्टेंबर २०२३ मधील भागात प्राध्यापक साऱ्या विश्वाची संगणकीय प्रतिकृती तयार करतात आणि आतील जिवांच्या भवितव्याचा पेच उभा राहतो. कोणत्याही बातमीवर न विसंबलेला हा भाग टीकाकारांपैकीही अनेकांना भावला.

कुत्र्याची वाट पाहणे

या वादाचा गाभा समजून घेण्यासाठी नोव्हेंबर २००२ मधील ‘ज्युरासिक बार्क’ या भागाकडे वळावे लागते. फ्रायला विसाव्या शतकातील आपल्या कुत्र्याचा, सिमूरचा, अश्मीभूत देह सापडतो. विज्ञान इतके पुढे गेले आहे, की त्याला जिवंत करणे शक्य आहे. सारी तयारी होते. इतक्यात कळते, की फ्राय नाहीसा झाल्यावर कुत्रा आणखी बारा वर्षे जगला. त्याने आपले आयुष्य पुरते जगून घेतले असेल, तो आपल्याला विसरलाही असेल, असा विचार करून फ्राय त्याला उठवण्याचा बेत रद्द करतो. त्यानंतरच्या अखेरच्या दृश्यात प्रेक्षकाला दिसते ते फ्रायला कधीच कळत नाही. सिमूर त्या पिझ्झाच्या दुकानाबाहेर बारा वर्षे आपल्या धन्याची वाट पाहत बसलेला असतो.

जो काळाआड गेला त्याला परत आणावे काय, हा प्रश्न मालिकेने स्वतःच, स्वतःच्या पहिल्या मरणाआधी काही महिने विचारून ठेवला होता. पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. २००७ मधील पहिल्या पुनरागमनाच्या चित्रपटात, ‘बेंडर्स बिग स्कोर’मध्ये, असे दाखवले गेले की फ्रायची एक प्रतिरूप आवृत्ती भूतकाळात परतून सिमूरसोबत राहिली होती. म्हणजे कुत्रा एकटा नव्हता. कित्येक चाहत्यांना हायसे वाटले. इतरांना मात्र वाटले, की आपल्या मनावर उमटलेला एक खरा ओरखडा कोणीतरी येऊन पुसून टाकला.

नव्या भागांवरील रोष याच जातीचा आहे. पुनरुज्जीवन पुढे नवे काही जोडते, तसेच ते मागे जाऊन जुन्याचा अर्थही बदलते. ‘मीनव्हाइल’मधील म्हाताऱ्या जोडप्याने पुन्हा सुरुवात करण्याचे ठरवले, तेव्हा त्या निर्णयात एक अथांगपणा होता. त्यांना काय मिळाले हे प्रेक्षकाने आपल्या मनात रंगवायचे होते. २०२३ मध्ये त्याचे उत्तर आले, की त्यांना आणखी हंगाम मिळाले. अर्थात, लेखकांना ही विसंगती कळत नव्हती असे नाही. तिसऱ्या पुनरागमनाच्या पहिल्याच भागात फ्राय जगातील सर्व मालिका पाहून काढण्याचा संकल्प सोडतो आणि त्याचा जीव वाचवण्यासाठी एका जुन्या मालिकेचे नवे भाग घाईने काढण्याची पाळी येते. स्वतःच्या अस्तित्वावरच केलेला हा विनोद चतुर आहे. परंतु शंका बोलून दाखवल्याने तिचे निरसन होत नाही.

देणे फेडणारी गोष्ट

पुनरागमन सार्थ कधी ठरते, याचेही उदाहरण नव्या भागांतच सापडते. जानेवारी २००३ मधील एका भागात किफ या परग्रहवासी पात्राला पिल्ले होतात. बेडकाच्या पिलांसारखी ती दलदलीत पोहत निघून जातात आणि वीस वर्षांनी पाय फुटून परत येतील, असे किफ व त्याची सखी एमी यांना सांगितले जाते. एमी मातृत्वाला तयार नसते. वीस वर्षे म्हणजे पुष्कळ अवधी, हा दिलासा तेथे होता. तेव्हा तो विनोद होता. मालिका सात महिन्यांत बंद पडणार होती आणि ती वीस वर्षे कोणी मोजणार नव्हते.

परंतु मालिका २०२३ मध्ये परतली तेव्हा बरोबर वीस वर्षे झाली होती. ‘चिल्ड्रेन ऑफ अ लेसर बॉग’ या भागात ती पिल्ले किनाऱ्यावर आली आणि एमीला दिलेला शब्द पाळण्याची वेळ आली. येथे पुनरुज्जीवनाचा हेतू विचारावा लागत नाही. मधली वीस वर्षे प्रेक्षकही जगलेला असतो. त्या वेळी महाविद्यालयात असलेला चाहता आता कदाचित स्वतः मुलाबाळांचा धनी असतो. काळाचा जो खंड इतर भागांना अडचणीचा ठरला, तोच या भागाचे बळ झाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये परतलेल्या ‘किंग ऑफ द हिल’ या दुसऱ्या अमेरिकी अ‍ॅनिमेशन मालिकेने हेच सूत्र सर्वत्र वापरले. १९९७ मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेतील बारा-तेरा वर्षांचा बॉबी नव्या हंगामात २१ वर्षांचा बल्लवाचार्य झालेला दिसतो, तर त्याचे आईवडील सौदी अरेबियातील नोकरी आटोपून टेक्सासला परततात आणि बदललेले गाव पाहून गोंधळतात. पात्रांना वय देण्याचा धोका त्या निर्मात्यांनी पत्करला. ‘फ्युचरामा’ने बहुतेक ठिकाणी घड्याळ थांबवून ठेवले आणि भोवतालच्या बातम्या तेवढ्या बदलल्या. दोहोंपैकी कोणता मार्ग योग्य, यावर मतभेद होऊ शकतात. मात्र काळ मध्ये गेलाच नाही, असे भासवणाऱ्या पुनरागमनाला प्रेक्षक अधिक कठोरपणे तपासतो, एवढे खरे.

आवाजाचे मोल

दर्जाच्या चर्चेत एक बाजू नेहमी मागे पडते, ती म्हणजे श्रमाची. २००९ च्या उन्हाळ्यात नव्या भागांसाठी मानधनावरून बोलणी फिसकटली, तेव्हा निर्मिती कंपनीने प्रमुख आवाजांच्या जागी नवे कलावंत शोधण्याची जाहिरात काढली होती. जुलैच्या अखेरीस तडजोड झाली आणि जुने आवाज टिकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिसऱ्या पुनरागमनाची घोषणा झाली, त्या वेळी बेंडरला आवाज देणारे जॉन डिमॅजिओ यांचे नाव यादीत नव्हते. आवाज देणाऱ्या सर्वच कलावंतांना अधिक मोबदला मिळायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. चाहत्यांनी मोठा गिल्ला केला. १ मार्च २०२२ रोजी ते परतत असल्याचे जाहीर झाले. आपल्याला जास्त पैसे मिळाले नाहीत, आदर मात्र पुष्कळ मिळाला, असे पुढे त्यांनीच जाहीरपणे सांगितले.

या प्रसंगातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मालिकेचा जीव चित्रात नसून माणसांत आहे, हे चाहत्यांना व्यवस्थापनापेक्षा लवकर कळले. परंतु चाहत्यांच्या ताकदीची मर्यादाही तेथेच दिसली. त्यांच्या दबावाने कलावंत परत आला, त्याच्या मोबदल्याचा प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला. भावनिक मालकी प्रेक्षकांची असली, तरी हिशेबाची वही दुसऱ्याच्याच हाती असते.

हिशेबात न बसणारा शेवट

ती वही आता एकाच कंपनीकडे आहे. मार्च २०१९ मध्ये ‘डिस्ने’ने ‘फॉक्स’चा मनोरंजन व्यवसाय ताब्यात घेतला आणि त्याच वर्षी ‘हुलू’चे नियंत्रणही मिळवले. मालिकेचा जुना ठेवा, नवी निर्मिती आणि प्रसारणाचे साधन या तिन्ही गोष्टी एका छत्राखाली आल्या. जुना ठेवा पाहिला जावा, यासाठी नवे भाग हे चांगले निमित्त असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आणखी दोन हंगाम मागवण्यात आले. त्यांपैकी पहिल्याचे दहाही भाग १५ सप्टेंबर २०२५ रोजी ‘हुलू’वर एकाच दिवशी उपलब्ध झाले. त्याआधीचे दोन हंगाम आठवड्याला एक या गतीने आले होते. आठवडाभर एका भागावर वाद घालण्याची, तो पुन्हा पाहून मत बदलण्याची जी सवड चाहत्यांना होती, तीही त्यामुळे आखडली.

‘फॉक्स’च्या काळात मालिका प्रेक्षकसंख्येअभावी मरत असे. आताच्या व्यवस्थेत तिला मरण्याचे कारणच उरत नाही आणि ही अवस्था अधिक सुखाची आहे असे मानण्याचे कारण नाही. पहिले चारही शेवट लेखकांनी टांगत्या तलवारीखाली लिहिले. हा भाग अखेरचा असू शकतो, या भयाने त्यांना जे उत्कटपण दिले, ते पुढचे दोन हंगाम आधीच ठरलेले असताना येणे कठीण. नव्या भागांतील ज्या सैलपणाबद्दल चाहते तक्रार करतात, त्याचे एक कारण या सुरक्षिततेतही असू शकेल. शिवाय तक्रार करण्यासाठी भाग पाहावाच लागतो आणि पाहणाऱ्यांच्या मोजणीत रुष्ट चाहता व तुष्ट चाहता यांत फरक नसतो.

तेव्हा नवी ‘फ्युचरामा’ वाईट की चांगली, या प्रश्नाचे सरसकट उत्तर देणे व्यर्थ आहे. बातमी पकडण्यासाठी धावणारे तिचे भाग जुन्या दर्जाला पोहोचत नाहीत आणि स्वतःच्याच जुन्या शब्दाचे देणे फेडणारे भाग त्या दर्जाला साजेसे आहेत. नवा भाग पाहताना ‘पूर्वीसारखा आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘हा कशासाठी आला’ असे विचारले, तर दोन्ही गटांचे बरेचसे भांडण मिटेल.

उरलेले भांडण मात्र मिटणारे नाही आणि त्याचे बीज ‘ज्युरासिक बार्क’मध्येच आहे. जे पूर्ण झाले त्याला शांतपणे पडू द्यावे, असे म्हणणारे फ्रायच्या निर्णयाचा दाखला देतील. त्याच्या विरोधकांनी फक्त शेवटच्या दृश्याकडे बोट दाखवले तरी पुरे. फ्रायचा अंदाज चुकला होता. तो विसरला गेला नव्हता.